भाड्याच्या जमिनीवर खरेदीचा पर्याय: आधी कोणी काय करायचं?

महामार्गालगतची वीस गुंठे बिनशेती जागा. गॅरेज, गोदाम किंवा मंगल कार्यालय काढण्यासाठी कोणीतरी ती दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतो. पत्र्याची शेड, बोअर, कंपाउंड, वीजजोडणी यांत त्याचा बराच पैसा अडकतो. मालकाला आज जमीन विकायची नसते, पण दरमहा भाडं हवं असतं. दोघांचंही समाधान व्हावं म्हणून पट्ट्याच्या शेवटच्या पानावर एक ओळ येते: 'मुदत संपण्यापूर्वी सदर मिळकत ठरलेल्या किमतीस विकत घेण्याचा भाडेकरूस हक्क राहील.' सह्या होतात आणि पुढची नऊ वर्षं त्या ओळीकडे कोणी पाहत नाही.

दहाव्या वर्षी मात्र दोघंही ती ओळ काढून बसतात, कारण मधल्या काळात जमिनीचा भाव कित्येक पट झालेला असतो. भाडेकरू म्हणतो, 'आधी मोजणी करा, बँकेचा बोजा उतरवा, मग पैसे देतो.' मालक म्हणतो, 'आधी पैसे आणा, मग कागदांचं बघू.' दोघंही आपापल्या जागी ठाम राहतात आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं.

या भांडणाचं उत्तर भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या कायद्यात, आहे. त्यातली कलमं ५१ ते ५४ 'परस्पर वचनां'बद्दल आहेत: माझं वचन तुझ्या वचनाच्या बदल्यात आणि तुझं माझ्या बदल्यात. पण भाडेपट्ट्यातल्या खरेदीच्या पर्यायाला दोन टप्पे असतात आणि दोन्ही टप्प्यांचे नियम वेगळे आहेत. पर्याय वापरेपर्यंत तारीख आणि अटी तंतोतंत पाळाव्या लागतात. पर्याय वापरल्यावर प्रश्न क्रमाचा होतो, म्हणजे आधी कोणी काय करायचं याचा. हा फरक कळला की बहुतेक वाद होण्याआधीच टाळता येतात.

पर्याय, प्रथम हक्क आणि साठेखत

या तीन गोष्टींची व्यवहारात सर्रास गल्लत होते.

खरेदीच्या पर्यायात मालक बांधलेला असतो, भाडेकरू मोकळा असतो. भाडेकरूने ठरलेल्या मुदतीत 'घेतो' म्हटलं की मालकाला विकावंच लागतं. भाडेकरू काहीच बोलला नाही, तर त्याच्यावर खरेदीची कोणतीही सक्ती नाही.

प्रथम खरेदीचा हक्क याहून कमी ताकदीचा असतो. 'मालकास विकायचे झाल्यास प्रथम भाडेकरूस विचारावे' एवढंच लिहिलं असेल, तर मालकाने विकायचं ठरवल्याशिवाय भाडेकरूला काहीही मागता येत नाही. पट्ट्यात ही ओळ आहे म्हणून आपल्याला जमीन मिळणारच, असं समजून त्यावर पक्कं बांधकाम करणारे पुढे अडचणीत येतात.

साठेखतात दोघंही बांधलेले असतात: एकाने विकायचं, दुसऱ्याने घ्यायचं. पर्याय रीतसर वापरला की त्याचं रूपांतर अशाच दुतर्फा करारात होतं आणि तिथून परस्पर वचनांची कलमं लागू होतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने जमिनीत मालकी किंवा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. पर्यायाचं पत्र दिलं म्हणून तुम्ही मालक होत नाही. खरेदीखत नोंदवेपर्यंत तुम्ही भाडेकरूच असता.

पहिला टप्पा: तारीख चुकली की पर्याय गेला

पर्याय ही मालकाने दिलेली सवलत असल्यामुळे ती ज्या अटींवर दिली त्याच अटींवर घ्यावी लागते. याचं चांगलं उदाहरण म्हणजे कॅलटेक्स कंपनीचा कोलकात्याचा खटला. फेब्रुवारी १९४४ पासून दहा वर्षांचा भाडेपट्टा होता आणि नूतनीकरण हवं असल्यास मुदत संपण्यापूर्वी किमान दोन महिने कळवायचं होतं. कंपनीने जानेवारी १९५४ मध्ये कळवलं, म्हणजे पट्टा अजून चालू होता, पण दोन महिन्यांची रेषा ओलांडली होती. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दाद दिली नाही. अशा पर्यायात वेळ हा कराराचा गाभा असतो आणि काही असाधारण कारण असल्याशिवाय उशीर माफ होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. खटला नूतनीकरणाचा होता, पण हाच तर्क खरेदीच्या पर्यायालाही तितकाच लागू पडतो.

म्हणून भाडेकरूने या चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, नोटिशीची शेवटची तारीख आजच काढून ठेवा. 'मुदत संपण्यापूर्वी तीन महिने' म्हणजे नेमकी कोणती तारीख, हे वकिलाकडून लिहून घ्या आणि त्याच्या महिनाभर आधीच नोटीस द्या.

दुसरी, करारात सांगितलेल्या पद्धतीनेच कळवा. 'लेखी नोटीस, खालील पत्त्यावर' असं कलम असेल तर फोनवर बोलणं किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरेसा धरू नका. पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, एक प्रत हातोहात देऊन सही घ्या आणि ईमेलही करा. मालक एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र पाठवा.

तिसरी, नोटीस बिनशर्त असू द्या. 'किंमत थोडी कमी केलीत तर घेतो' किंवा 'बँकेचं कर्ज मंजूर झालं तर घेतो' हा स्वीकार नव्हे. करार कायद्याच्या कलम ७ नुसार स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. घासाघीस करायची असेल तर ती नोटिशीच्या आधी करा.

चौथी, पर्यायाला जोडलेल्या पूर्वअटी तपासा. 'भाडेकरूने सर्व भाडे वेळेवर भरले असल्यास' असं लिहिलेलं असेल तर नोटीस देण्याआधी बाकी, पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा कर, भाड्यातली ठरलेली वाढ, सगळं चुकतं करा आणि मालकाकडून 'येणे बाकी नाही' अशी पावती घ्या. वर्षानुवर्षं भाडं उशिरा घेत राहिलेला मालक दहाव्या वर्षी हीच गोष्ट पुढे करतो.

मुदत संपल्यावरही भाडेकरू जागेत राहिला आणि मालक भाडं घेत राहिला, तर भाडेकरार पुढे चालू राहिल्याचं कायदा काही परिस्थितींत मानतो. पण त्याबरोबर खरेदीचा पर्यायही आपोआप पुढे आला असं धरून चालू नका. पर्याय चालू ठेवायचा असेल तर तसं नव्याने लिहून घ्या.

दुसरा टप्पा: परस्पर वचनांचे तीन प्रकार

पर्याय वापरला की भाडेकरू खरेदीदार होतो आणि मालक विक्रेता. आता दोघांच्याही डोक्यावर कामांची यादी असते. खरेदीदाराने पैसे द्यायचे, मुद्रांक शुल्क भरायचं, खरेदीखताचा मसुदा द्यायचा. विक्रेत्याने मालकीची कागदपत्रं दाखवायची, बोजा उतरवायचा, परवानग्या घ्यायच्या, खरेदीखतावर सही करायची. प्रत्येक वचन कोणत्या प्रकारात बसतं हे ओळखलं की क्रम कळतो.

एकाच वेळी करायची वचनं. कलम ५१ सांगतं की दोन्ही वचनं एकाच वेळी पाळायची असतील, तर समोरचा आपला भाग पार पाडायला तयार आणि राजी असल्याशिवाय मला माझा भाग करावा लागत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उरलेली रक्कम देणं आणि खरेदीखतावर सही करणं हे याचं ठळक उदाहरण. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५सुद्धा हेच सांगतं: रक्कम दिली किंवा देऊ केली की विक्रेत्याने खरेदीखत करून द्यायचं.

एकामागून एक करायची वचनं. करार कायद्याच्या कलम ५२ नुसार करारात क्रम लिहिला असेल तर तोच पाळायचा आणि लिहिला नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपावरून तो ठरवायचा. कलम ५४ त्याचा परिणाम सांगतं: ज्याचं वचन आधी पाळायचं होतं त्याने ते पाळलं नाही, तर तो समोरच्याकडे वचनपूर्ती मागू शकत नाही, उलट नुकसानभरपाई देणं लागतो.

स्वतंत्र वचनं. काही वचनं एकमेकांवर अवलंबून नसतात. समोरच्याने त्याचं काम केलं नाही तरी मला माझं करावंच लागतं, भरपाई वेगळी मागायची. कोर्टात सर्वाधिक घात होतो तो इथे, कारण माणसं स्वतंत्र वचनाला अवलंबून असलेलं वचन समजतात.

शिवाय कलम ५३ विसरू नका. एका पक्षानेच दुसऱ्याला वचन पाळू दिलं नाही, तर ज्याला अडवलं त्याला करार रद्द करता येतो आणि भरपाई मागता येते. मोजणीला आलेल्या भूकरमापकाला फाटकातूनच परत पाठवायचं आणि मग 'मोजणी झाली नाही, करार संपला' असं म्हणायचं, हे मालकाला चालत नाही.

एकच सबब, दोन निकाल

क्रमाला किती महत्त्व आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन खटल्यांवरून कळतं.

पहिला व्यवहार १९५१ मधला, तेव्हाच्या मध्य भारतातल्या एका जिनिंग कारखान्याचा आणि त्याखालच्या जमिनीचा. किंमत ४३,०११ रुपये. खरेदीदाराने २२,०११ रुपये देऊन ताबा घेतला आणि उरलेले २१,००० ठरल्या तारखेला दिले नाहीत. वरवर पाहता चूक त्याची दिसते. पण महसुली दप्तरात जमीन विक्रेत्याच्या भावाच्या नावावर होती आणि हस्तांतराला सरकारची मंजुरीही लागणार होती. न्यायालयाने १९६९ मध्ये म्हटलं की ही दोन कामं विक्रेत्याने आधी करायची होती. ती केल्याशिवाय त्याला उरलेले पैसे मागता येत नाहीत. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. 'तयार आणि राजी' असल्याचं दाखवण्यासाठी खरेदीदाराने नोटांची बंडलं कोर्टात आणून ठेवायची गरज नसते, हेही याच निकालात स्पष्ट झालं.

दुसरा व्यवहार १९८१ मधला, तमिळनाडूतल्या जमिनीचा, निकाल २०११ चा. किंमत ३,७५,००० रुपये आणि हप्त्यांच्या तारखा करारात लिहिलेल्या. खरेदीदाराने सुरुवातीची रक्कम दिली, पण एप्रिलचा एक लाखाचा हप्ता रोखला. सबब अशी की मालकीची कागदपत्रं दाखवली नाहीत. न्यायालयाने करार वाचला. हप्ता भरणं हे कागदपत्रांबद्दल समाधान होण्यावर अवलंबून आहे, असं त्यात कुठेही नव्हतं. तारखा स्वतंत्रपणे ठरलेल्या होत्या. खरेदीदार हरला.

सबब दोन्हीकडे सारखीच होती: तुमचे कागद पूर्ण नाहीत म्हणून मी पैसे रोखले. पहिल्या ठिकाणी कागद आधी यायचे होते, दुसऱ्या ठिकाणी पैसे. म्हणून पैसे रोखण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझं पैसे देणं समोरच्याच्या या कामावर अवलंबून आहे, असं करारात कुठे म्हटलंय? उत्तर सापडलं नाही, तर पैसे भरा आणि हरकत लेखी नोंदवा.

भाडं थांबवू नका

पर्याय वापरला की भाडेकरूंना वाटतं, आता जमीन आपलीच, भाडं कशाला? ही महागात पडणारी चूक आहे. विक्रीचा करार झाला म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. करारातल्या अटींवरून तसा हेतू दिसत असेल तरच तो संपतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही घेतली आहे. खरेदी पूर्ण होऊन मालकी आणि भाडेपट्टा एकाच हाती आले की मगच पट्टा विलीन होतो. तोवर भाडं थकवलं तर मालकाला जागा खाली करून मागण्याचं कारण मिळतं आणि 'तयार आणि राजी' या तुमच्या दाव्यालाही तडा जातो.

भाडं किमतीत वळतं करायचं असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं: कोणत्या तारखेपासून, किती टक्के, व्यवहार न झाल्यास त्याचं काय. लिहिलेलं नसेल तर दिलेलं भाडं हे भाडंच, किमतीचा हप्ता नव्हे.

करारात काय लिहून घ्यायचं

किंमत. 'त्या वेळच्या बाजारभावाने' एवढंच लिहिणं धोक्याचं आहे. करार कायद्याच्या कलम २९ नुसार ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही तो करार निरर्थक. पण किंमत ठरवण्याची पद्धत लिहिली तर चालते. तिऱ्हाइताने ठरवलेल्या भावाने तांदूळ विकण्याचा करार वैध असल्याचं उदाहरण याच कलमाखाली दिलेलं आहे. म्हणून एकतर ठाम आकडा लिहा, किंवा 'शासनमान्य मूल्यांककाने नोटिशीच्या तारखेस काढलेले मूल्य', किंवा रेडी रेकनरच्या दराची अमुक पट, असं काहीतरी मोजता येईल ते लिहा. मूल्यांकक नेमण्यावर एकमत झालं नाही तर कोण नेमेल, हेही लिहा. भाडेकरूने बांधलेली शेड किमतीत धरायची की नाही, हा मुद्दा हमखास राहून जातो.

क्षेत्र. सर्व्हे किंवा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि मोजणीचा नकाशा. एका मोठ्या गटातला तुकडाच भाड्याने घेतला असेल तर तो वेगळा करून विकता येतो का, हे तुकडेबंदीच्या कायद्याप्रमाणे आधी पाहा. भाड्याने देता आलं म्हणून विकताही येईल, असं नसतं.

क्रम. हा भाग यादी करूनच लिहावा. नमुना असा: नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत मालकाने मालकीची कागदपत्रं द्यायची, ४५ दिवसांत मोजणी, ज्याचा खर्च अमुक पक्षाचा, ६० दिवसांत मालकाने बँकेचा बोजा उतरवून दाखला द्यायचा, तो दाखला मिळाल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने मसुदा द्यायचा, ९० व्या दिवशी किंवा त्याआधी दुय्यम निबंधकासमोर रक्कम आणि खरेदीखत एकाच वेळी. आकडे तुमच्या व्यवहाराप्रमाणे बदला, पण 'हे झाल्यावर ते' हा शब्दप्रयोग गाळू नका. मालकाला बोजा फेडण्यासाठी खरेदीदाराचेच पैसे लागणार असतील, तर तेही स्पष्ट लिहा आणि ती रक्कम थेट बँकेत भरण्याची सोय ठेवा.

परवानग्या. अर्ज कोण करणार, कागद कोण पुरवणार, खर्च कोणाचा, परवानगीला उशीर झाला तर मुदत किती वाढणार आणि ती नाकारली गेली तर इसाराचं काय.

सह्या. जमीन एकत्र कुटुंबाची किंवा अनेक वारसांची असेल तर सगळ्यांच्या सह्या पट्ट्यावरच घ्या. हिस्सेदार अज्ञान असेल तर त्याची मिळकत विकायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची परवानगी लागते. पाच वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा द्यायलाही ती लागते.

पैसे. इसार आणि किंमत बँकेमार्फतच द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि रोखीच्या रकमेचा पुरावाही उरत नाही.

नोंदणी आणि मुद्रांक

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या दहा वर्षांच्या पट्ट्यावर विसंबू नका. नोंदणीचा दुसरा फायदा असा की पट्ट्यातला पर्याय शोध अहवालात दिसतो. मालकाने मधल्या काळात जमीन तिसऱ्याला विकली, तरी पर्यायाची कल्पना असताना घेणाऱ्या त्या खरेदीदाराकडूनही तुम्ही करारपूर्ती मागू शकता. जागेचा प्रत्यक्ष ताबा तुमच्याकडे असेल, तर तुमच्या हक्कांची माहिती त्याला होती असंच मालमत्ता हस्तांतरण कायदा धरतो. तरीही सातबाराच्या 'इतर अधिकार' रकान्यात किंवा मिळकत पत्रिकेवर पट्ट्याची नोंद करून घ्या.

मुद्रांकाबाबत महाराष्ट्रातल्या वाचकांनी विशेष सावध राहावं. ताबा दिलेल्या किंवा द्यायच्या विक्री करारावर महाराष्ट्र मुद्रांक कायद्यानुसार खरेदीखताइतकंच शुल्क लागू शकतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड इथल्या एका प्रकरणात भाडेकरू आधीपासूनच ताब्यात होता आणि त्याच्याशीच विक्रीचा करार झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या करारालाही हे शुल्क लागू असल्याचा निकाल दिला. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तो जप्त होऊन शुल्क आणि दंड भरेपर्यंत अडकून पडतो. म्हणून पर्याय वापरल्यावर वेगळं साठेखत करायचं असेल तर शुल्काचा हिशोब आधी करून घ्या. ते शुल्क पुढे खरेदीखताच्या शुल्कात वळतं होतं.

शेतजमीन असेल तर

वरचं सगळं बिनशेती जागेला सरळ लागू होतं. शेतजमिनीत मात्र करारावर कुळकायद्याची पकड असते. १९४८ च्या कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, किंवा खऱ्या औद्योगिक वापरासारख्या कायद्यातल्या अपवादात व्यवहार बसावा लागतो. म्हणजे शेतकरी नसलेल्या भाडेकरूला पर्याय दिला, तरी परवानगीशिवाय तो पूर्ण होऊ शकत नाही.

कुळाचा खरेदीचा हक्क ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्यानेच खरेदीदार मानली गेली. त्यानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीत कलम ३२-ओ प्रमाणे कुळाला एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क बजावता येतो. हे हक्क करारातून आलेले नाहीत, म्हणून त्यांची किंमत आणि पद्धतही कायदाच ठरवतो. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी वेगळे कुळकायदे आहेत. गोव्यात १९६४ च्या कुळकायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने असाच हक्क दिला. भोगवटादार वर्ग २ ची, इनामी, आदिवासी खातेदाराची किंवा शासनाने पट्ट्याने दिलेली जमीन असेल तर पूर्वपरवानगीशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

समोरचा टाळाटाळ करू लागला तर

भाडेकरूने सर्वात आधी स्वतःची तयारी सिद्ध होईल असे कागद गोळा करावेत. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम १६ नुसार करारपूर्ती मागणाऱ्याला आपण सतत तयार आणि राजी होतो हे सिद्ध करावं लागतं. तयारी म्हणजे पैशांची ऐपत: बँकेचं विवरण, मुदत ठेवी, कर्जमंजुरीचं पत्र. राजी असणं दिसतं ते वागण्यातून: पत्रव्यवहार, पाठवलेला मसुदा, भरलेलं मुद्रांक शुल्क.

मग वकिलामार्फत नोटीस द्या आणि त्यात तीन गोष्टी असू द्या: करारातल्या क्रमानुसार मालकाने कोणतं काम करायचं राहिलं, ते किती दिवसांत करायचं, आणि खरेदीखतासाठी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्ही हजर राहाल. त्या दिवशी खरोखर हजर राहा आणि त्याचा पुरावा ठेवा.

स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमधल्या, १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणं हे पूर्वीसारखं न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. कायद्यातले अपवाद सोडले तर तो द्यायचा आहे. तरीही आळशी खरेदीदाराला हा कायदा वाचवत नाही. मदुराईच्या एका घराच्या व्यवहारात १९७८ साली ६०,००० रुपयांपैकी ५,००० इसार देऊन खरेदीदार सहा महिन्यांची मुदत असतानाही करारापासून सुमारे अडीच वर्षं गप्प बसला. तोवर भाव जवळपास तिप्पट झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्याला घर दिलं नाही. दावा दाखल करायची मुदत तीन वर्षांची आहे: करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. पण तीन वर्षं हाताशी आहेत म्हणून तितकी वाट पाहायची नसते.

मालकालाही सांगायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, भाव वाढला हे विक्री नाकारण्याचं कारण होत नाही. ठरावीक किमतीचा पर्याय देताना ती जोखीम तुम्ही स्वतः घेतलेली असते. ती नको असेल तर मूल्यांकनाची पद्धत लिहा किंवा पर्यायाची मुदत कमी ठेवा. दुसरी, उशिरा आलेला हप्ता किंवा भाडं निमूटपणे स्वीकारू नका. वेळेला महत्त्व असलेल्या करारात उशिराची पूर्ती घेताना तुम्ही तिथल्या तिथे हरकत नोंदवली नाही, तर करार कायद्याच्या कलम ५५ नुसार त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. एकदा ढील दिली असेल आणि पुन्हा कडक व्हायचं असेल, तर योग्य मुदत देऊन तसं लेखी कळवा.

तुमच्याकडे असा भाडेपट्टा असेल तर या आठवड्यात तो काढून वाचा. पर्यायाची शेवटची तारीख आणि पूर्वअटी कागदावर लिहून काढा, आणि पुढच्या प्रत्येक कामासमोर ते कोणी, कोणाआधी करायचं हे लिहा. एखाद्या कामासमोरची जागा रिकामी राहिली, तर संबंध चांगले आहेत तोवरच वकिलाला दाखवून पुरवणी करार करून घ्या आणि तो नोंदवा. भाव वाढल्यावर ती जागा भरायला समोरचा तयार होत नाही, आणि मग ती भरण्याचं काम न्यायालयाकडे जातं.